गिटारचे फ्रेट हाताला लावून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात इलेक्ट्रिक गिटारची दुरुस्ती करतो आणि त्यातलं बहुतेक काम फ्रेटचं असतं. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, तळमजल्यावरच्या खोलीत माझं टेबल आहे. फोनवर आणि टेबलापाशी उभं राहून लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. गिटार सोडून जाण्याआधी निदान तेवढी वाचा, म्हणजे समोर बसल्यावर आपलं बोलणं लवकर जुळेल.

फ्रेट हाताला लावून देणं म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?

सतारीला जे पडदे, ते गिटारला फ्रेट. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक रागाप्रमाणे ते वरखाली सरकवून घेतो. गिटारचे फ्रेट लाकडात खाच पाडून ठोकलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. त्यांच्या जागा गणिताने ठरलेल्या आहेत. ६४८ मिलिमीटर स्केलची (स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी), म्हणजे साडेपंचवीस इंची गिटार घेतली तर नटपासून (दांडीच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीपासून) पहिला फ्रेट सुमारे ३६.४ मिमीवर येतो, बारावा बरोब्बर निम्म्यावर ३२४ मिमीवर, आणि एकविसाव्या-बाविसाव्यामध्ये जेमतेम ११ मिमी जागा उरते. त्या जागांना मी हात लावत नाही.

हात लावतो तो उंचीला, माथ्याच्या गोलाईला आणि कडेच्या टोकांना. फ्रेट फारच झिजले असतील तर ते काढून नवे घालतो. यातली कुठलीच गोष्ट सुटी करता येत नाही. नेकचा, म्हणजे दांडीचा बाक, नटच्या खाचांची खोली आणि ब्रिजची, म्हणजे बॉडीवरच्या घोडीची उंची यांच्याशी जुळवूनच फ्रेटचं काम करावं लागतं, म्हणून ते सगळं मी एकाच बैठकीत धरतो.

एक चांगली सेटिंग असते ना? कंपनीने ठरवून दिलेली करून द्या.

कंपनीची मापं असतात आणि ती चुकीची नसतात. उदाहरणार्थ, साडेनऊ ते बारा इंची रेडियसच्या (बोर्डाच्या आडव्या गोलाईच्या) गिटारवर सतराव्या फ्रेटपाशी तार १.६ मिमी उंच असावी, असं फेंडर सांगते. माझ्याकडे कामाला सुरुवात तिथूनच होते. पण ते माप कुठल्याच एका माणसाच्या हातासाठी काढलेलं नाही, आणि हात फार वेगवेगळे असतात.

एकाच मॉडेलच्या तीन गिटार आल्या असं समजा. पहिली फिरोदिया करंडकात, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेत, बसणाऱ्या एका मुलीची. ती जाड पिकने ऱ्हिदम वाजवते आणि मनगटातून जोर लावते. तिच्या तारा आडव्या-उभ्या भरपूर हलतात, त्यांना जागा हवी. नेकला थोडा जास्त बाक आणि तारा जरा उंच ठेवल्या तरच तिचा आवाज मोकळा निघतो. दुसरी गिटार तीस वर्षं सतार वाजवून गिटारकडे वळलेल्या एका काकांची. त्यांना तार खेचायची आहे, दीड-दोन स्वर सहज. बोट तारेखाली शिरायला हवं, म्हणून त्यांना उंच फ्रेट हवेत. तिसरा मुलगा ९ नंबरच्या, म्हणजे बारीक तारा लावून अगदी हलक्या हाताने भरभर वाजवतो. त्याला तारा फ्रेटला टेकल्यासारख्या खाली हव्यात. तेवढ्या खाली आणायच्या तर सगळे फ्रेट एका पातळीत असायला हवेत, कारण केसाएवढा चढउतारही तिथे लगेच ऐकू येतो.

पहिलीची गिटार तिसऱ्याच्या हातात दिली तर तो म्हणेल जड आहे. तिसऱ्याची पहिलीला दिली तर ती म्हणेल, गिटार नुसती खणखणतेय. दोघंही खरं बोलत असतात.

डाव्या हाताचा दाब ही आणखी एक गोष्ट, आणि तिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं. ट्यूनर लावा, तिसऱ्या फ्रेटवर कुठलीही तार नेहमीसारखी धरा आणि काटा बघा. मग त्याच फ्रेटवर, आवाज स्वच्छ येईल इतपतच हलकं धरा. काटा खाली सरकला तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबता. फ्रेट जितका उंच तितका हा फरक मोठा, कारण दाबलेली तार फ्रेट ओलांडून लाकडाकडे खाली जाते आणि ताणली जाते. जोरात दाबणाऱ्याला उंच फ्रेट घालून दिले तर त्याचे कॉर्ड कायम चढे वाजतील आणि तो ट्यूनिंगला दोष देत बसेल. म्हणून हात बघितल्याशिवाय मी कानस उचलत नाही.

मग गिटार देताना माझं तिथे असणं गरजेचं आहे?

हो. दहा मिनिटं पुरतात. मित्राकडून किंवा कुरियरने पाठवू नका. नेहमी ज्या नंबरच्या तारा वापरता त्यांचा एक नवा सेट, तुमचा पिक आणि स्लाइड (तारेवरून सरकवायची नळी) वापरत असाल तर ती घेऊन या. मग जे रोज वाजवता ते वाजवा. मला प्रभावित करायला वेगळं काही नको. बसून वाजवता की पट्टा लावून उभं राहून, कुठल्या ट्यूनिंगला वाजवता, कुठल्या जागी अडतं, हेही सांगा. ट्यूनिंग एका स्वराने खाली उतरवणार असाल तर कामाच्या आधी सांगा. तारांचा ताण बदलला की नेक हलते आणि केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

तार खरखरते. तेवढा तो एक फ्रेट घासून द्याल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इथेच सगळ्यात जास्त गिटार खराब होतात.

माझ्या पहिल्या गिटारचं हेच झालं. कॉलेजात होतो, सुट्टीत शिकवण्या करून पैसे जमवले होते. खालच्या फ्रेटवर तारा खरखरायला लागल्या म्हणून शहरातल्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने नेककडे नजरही टाकली नाही. मधले फ्रेट उंच दिसतात म्हणाला आणि पाचव्यापासून नवव्यापर्यंत कानस फिरवली. खरखर थांबली. मीही खूश झालो. पुढे कळलं की नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, जास्त आवळला गेल्यामुळे नेक मागच्या बाजूला वाकली होती आणि मधले फ्रेट त्यामुळे वर आलेले दिसत होते. रॉड सैल करून नेक जागेवर आणली तेव्हा घासलेले फ्रेट खाली गेले, आणि मध्ये कुठेही बोट ठेवलं तरी तार पुढच्या फ्रेटवर आदळायला लागली. पाव फेऱ्याचं काम होतं. त्याच्यापायी पाच फ्रेट गेले. आज कुणी त्या प्रश्नाने सुरुवात केली की मला ती गिटार आठवते.

म्हणून क्रम असा. आधी नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचं. ०.२ ते ०.३ मिमी बहुतेकांना चालते. घरी बघायचं असेल तर व्हिजिटिंग कार्ड वापरा. ते अलगद सरकायला हवं, तार उचलली जायला नको. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत असलेली लोखंडी सळई, तारांच्या ओढीला ती उलटा जोर देते. गिब्सन या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि त्यानंतर गिटारच्या नेक सडपातळ करता आल्या.

नेकनंतर नट. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी असावी. मोकळी तारच फक्त खरखरत असेल तर नटची खाच खोल गेलेली असते आणि फ्रेटचा काहीही दोष नसतो.

मग येतो फ्रेट. तीन फ्रेटवर बसेल एवढी छोटी सरळ पट्टी ठेवून ती हळूच दाबायची. मधला फ्रेट उंच असेल तर पट्टी झुलते आणि टक टक असा बारीक आवाज येतो. तो फ्रेट खाचेतून उचकटला असेल तर घासायचा नसतो, पुन्हा दाबून बसवायचा आणि खाली सुपरग्लूचा थेंब सोडायचा. निम्म्या वेळा काम इथेच संपतं आणि धातूचा एक कणही जात नाही.

फ्रेट लेव्हल करताना काय होतं, ते बघता येईल का?

बघा की. दुपारी चारनंतर या, वाड्याच्या चौकातून तिरपा उजेड येतो आणि हे काम उजेडावरच चालतं.

तारा काढतो, ट्रस रॉड फिरवून नेक अगदी सरळ करतो. फ्रेटच्या मधल्या लाकडावर चिकटपट्टी लावतो, मेपलच्या लॅकर केलेल्या बोर्डावर तर दुहेरी. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढतो. माझ्याकडे पोलादाची एक जड पट्टी आहे. भोसरीच्या एका टूलरूममधून सरफेस ग्राइंडरवर सपाट करून आणलेली. तिला खालून पॉलिश पेपर चिकटवतो आणि जोर न लावता, तिच्या स्वतःच्या वजनाने, नटपासून बॉडीपर्यंत फिरवतो. चार-पाच फेऱ्यांनी नेक आपली हकीकत सांगायला लागते. जिथली शाई गेली तो फ्रेट उंच, जिथली तशीच राहिली तो खड्ड्यात. सगळ्या माथ्यांवरची शाई गेली की थांबायचं. त्याच्यापुढची प्रत्येक फेरी म्हणजे फ्रेटचं आयुष्य कमी करणं.

बॉडीकडचे शेवटचे सात-आठ फ्रेट मी किंचित उताराला ठेवतो. ताण आल्यावर नेकचा तो भाग बऱ्याचदा वर उचलल्यासारखा होतो आणि तारा तिथे घुसमटतात.

या घासण्याने माथे सपाट झालेले असतात. त्यांना पुन्हा गोल करणं, म्हणजे क्राउन करणं, हे कामाचं निम्म्याहून जास्त अंग आहे. पुन्हा शाई लावायची, आतून गोल असलेली कानस फ्रेटवर घोड्यावर बसवल्यासारखी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी घासत यायचं, मध्यावर शाईची केसाएवढी रेघ उरेपर्यंत. ती रेघ पुसली तर उंची बदलली, म्हणजे लेव्हल गेली. बावीस फ्रेट, बावीस रेघा. शेवटी ४०० नंबरच्या कागदापासून २००० पर्यंत चढत जायचं आणि धातूचं पॉलिश लावून आरसा करायचा.

सपाट माथा का चालत नाही हे आपल्याकडच्या माणसाला समजावणं सोपं जातं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार रुंद जागेवर घासत सुटते, म्हणून तो झंकार येतो. मिरजेचे सतारमेकर ती जागा तासन्‌तास कानसतात, जवारी खुली हवी की बंद ते विचारून. झिजलेला सपाट फ्रेट नकळत तेच करतो. तुमच्या गिटारच्या एखाद्या फ्रेटवर सतारीसारखा आवाज येत असेल तर तिथे जवारी लागली आहे, आणि गिटारवर ती नको. शिवाय तार सपाट माथ्याच्या मध्यावरून सुटायच्या ऐवजी पुढच्या कडेवरून सुटते, त्यामुळे स्वरही थोडा हलतो.

असं किती वेळा करता येतं? नवे फ्रेट कधी घालायचे?

नवा फ्रेट साधारण १.१ ते १.४ मिमी उंच असतो. एका नीट केलेल्या लेव्हलमध्ये त्यातला थोडाच भाग जातो, त्यामुळे दोन-तीन वेळा सहज जमतं. उंची ०.७ मिमीच्या आसपास आली की बोट लाकडाला घासायला लागतं आणि तार खेचताना निसटते. तिथे मी रीफ्रेट, म्हणजे नवे फ्रेट घालणं, सुचवतो.

फक्त पहिले पाच-सहा फ्रेट गेले असतील, आणि ओपन कॉर्ड वाजवणाऱ्यांचे तेच जातात, तर तेवढेच बदलता येतात. मात्र उरलेल्यांशी उंची जुळेल अशी फ्रेटची तार (जिचे तुकडे कापून फ्रेट करतात ती) मिळायला हवी.

रीफ्रेट करताना कोणते फ्रेट घालू?

इथे तुमच्या हाताला सगळ्यात जास्त निवड मिळते. मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. जुन्या पद्धतीची बारीक तार सुमारे २ मिमी रुंद आणि १.१ मिमी उंच. तिच्यावर लाकूड बोटाला लागतं, कॉर्ड सुरात राहतात, दाब जास्त असणाऱ्यांना ती सांभाळून घेते. मधली तार २.३ मिमी रुंद, १.४ मिमी उंच. अरुंद असल्यामुळे स्वर नेमका सुटतो आणि उंच असल्यामुळे बेंडला, म्हणजे तार खेचतानाही, बोट अडत नाही. कुठली घालू ते ठरतच नसेल तर मी हीच सुचवतो. जंबो २.८ मिमी रुंद आणि उंची जवळपास मधल्या तारेएवढीच. तिच्यावर बोट घसरत जातं, लेगॅटो, म्हणजे स्वर सलग जोडून वाजवणाऱ्यांना आवडते, आणि धातू भरपूर असल्याने टिकतेही जास्त.

माझ्याकडे एका जुन्या नेकवर मी चार-चार फ्रेटचे गट वेगवेगळ्या तारेचे घातले आहेत. त्यावर बोटं फिरवून बघा. मापं वाचून कुणालाच कळत नाही, हाताला दोन मिनिटांत कळतं.

धातूचं म्हणाल तर नेहमीचा फ्रेट जर्मन सिल्व्हरचा. भांड्यांच्या दुकानात जे मिळतं तेच: तांबं, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल, चांदी अजिबात नाही. घासायला गोड, पण रोज तीन-चार तास वाजवणाऱ्याचे काही वर्षांत खड्डे पडतात. स्टेनलेस स्टील फार कठीण, झिजणं जवळजवळ विसरायचं, बेंड करताना काचेवरून बोट गेल्यासारखं वाटतं. माझ्या कानसा मात्र त्याच्यावर लवकर बोथट होतात आणि वेळ दुपटीने लागतो, म्हणून पैसेही जास्त घेतो. त्याने आवाज कर्कश होतो असं बरेच जण म्हणतात. मी एकाच गिटारवर आधी आणि नंतर ऐकलं आहे. फरक आहे, पण तारांचा ब्रँड बदलल्यावर पडतो त्याहून कमी.

निकेलने माझ्या बोटांना खाज येते.

मग जर्मन सिल्व्हर टाळा. एव्हो गोल्ड नावाची पिवळसर फ्रेटची तार मिळते. मुळात चष्म्याच्या फ्रेमसाठी बनवलेला मिश्रधातू आहे तो, तांबं, कथिल, लोखंड आणि टायटॅनियमचा. त्यात निकेल नसतं. कठीणपणात ती जर्मन सिल्व्हर आणि स्टीलच्या मधे बसते. पण तेवढ्याने भागणार नाही. बहुतेक इलेक्ट्रिक तारांवर निकेलचा मुलामा असतो, त्याही बदलाव्या लागतील. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा विचारून मगच खर्च करा.

बाराव्या फ्रेटच्या वर बेंड केला की आवाज बंद पडतो.

बोर्डाच्या आडव्या गोलाईमुळे. जुन्या पद्धतीच्या फेंडरवर ही गोलाई सव्वासात इंच रेडियसची असते, नव्यांवर साडेनऊ, गिब्सनवर बारा, आणि काही मेटल गिटारवर सोळापर्यंत जाते. आकडा जितका लहान तितका बोर्ड जास्त गोल. बारीक तार कडेला असते, ती खेचून मधल्या उंचवट्यावर नेली की पुढच्या फ्रेटला टेकते. लाकडाला हात न लावता, वरच्या फ्रेटचे मधले भाग थोडे जास्त सपाट घासून हे बरंचसं सुटतं. फ्रेटला तेवढी उंची शिल्लक हवी, ही अट.

मार्च-एप्रिलमध्ये नेकच्या कडेला फ्रेट टोचायला लागतात. गिटार खराब झाली का?

झाली नाही. लाकूड वाळलं. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत पुण्याची हवा कोरडी असते, शिसवी किंवा एबनीचा बोर्ड रुंदीत आकसतो. धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो आणि त्याची टोकं बाहेर येतात. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगून ती पुन्हा झाकली जातात. इंडोनेशियासारख्या दमट हवेत बनलेल्या गिटारला इथला पहिला उन्हाळा हमखास बोचतो.

काही जण म्हणतात, थांबा, पावसाळ्यात आपोआप बरं होईल. होतं, पण पुढच्या वर्षी पुन्हा येतं. गिटार पुण्यातच राहणार असेल तर माझ्या मते भर उन्हाळ्यातच टोकं घासून गोल करून घ्यावीत. लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना जे नीट बसलं ते वर्षभर बसतं. मुंबईला किंवा कोकणात जाणार असाल तर मात्र घाई करू नका. गच्चीच्या पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवू नका. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लाकडाला मानवते. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवला की अंदाज लावावा लागत नाही.

मला रागसंगीत वाजवायचं आहे. मींड नीट येईल असे फ्रेट करून द्याल? बोर्ड खरवडून घ्यावा का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे नेहमी वेळ असतो.

दोन फ्रेटच्या मधलं लाकूड खोलगट कोरण्याला स्कॅलप म्हणतात. रिची ब्लॅकमोर आणि इंग्वे माल्मस्टीन या रॉक वादकांच्या गिटार अशा आहेत. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ या बँडच्या काळात वापरलेल्या गिटारलाही असाच बोर्ड होता. त्यामागची कल्पना दक्षिणेतल्या वीणेसारखी आहे. तिथे पडदे मेणावर इतके उंच बसवतात की बोट लाकडाला लागतच नाही, फक्त तारेला धरून असतं. त्यामुळे तार खेचताना घर्षण राहत नाही आणि पकड येते.

पण कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही, आणि जोरात दाबणाऱ्याची स्कॅलप केलेली गिटार कधी सुरात येत नाही. म्हणून मी आधी १.४ मिमी उंचीचे फ्रेट सुचवतो आणि बारीक तार एका नंबरने हलकी करायला सांगतो. सहा महिने वाजवा. त्यानंतरही बोट लाकडाला अडतंय असं वाटलं तर वरचे पाच फ्रेट आधी कोरू.

श्रुतींबद्दलही इथेच सांगतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करतात, म्हणून तिचा शुद्ध गंधार षड्‌जापासून ४०० सेंटवर असतो (एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट). तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा फरक तयार कानाला टोचतो, हार्मोनियमवर टोचतो तसाच. स्वीडनच्या अँडर्स थिडेल यांनी नागमोडी फ्रेट काढले, पण त्यांचा रोख पाश्चात्त्य कॉर्ड सुरात आणण्यावर आहे. एका रागासाठी फ्रेट पक्के ठोकले तर दुसऱ्या रागात तेच आड येतील, म्हणून मी तसं करून देत नाही.

त्यापेक्षा हाताने करण्याजोगं बरंच आहे. तार खेचून स्वर फक्त चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून दरबारीचा अतिकोमल, आंदोलित गंधार कोमल गंधाराच्या फ्रेटवर शोधू नका, तो फ्रेट आधीच चढा आहे. ऋषभाच्या फ्रेटवर बोट ठेवा, तार वर ओढून गंधाराच्या खालपर्यंत न्या आणि तिथेच हलवत ठेवा. त्या सतार वाजवणाऱ्या काकांनी उंच फ्रेट घातल्यावर माझ्या टेबलापाशी बसून हेच पहिलं वाजवलं. पंधरा मिनिटं मी हातातलं काम ठेवून ऐकत होतो.

मी फक्त स्लाइड वाजवतो.

मग फ्रेटवर खर्च करू नका. नट उंच करून घ्या, तारा जाड लावा. फ्रेट तुम्हाला फक्त जागा दाखवायला हवेत.

गिटार स्वस्तातली आहे. एवढं करावं का?

तीन गोष्टी बघतो: ट्रस रॉड फिरतो का, नेकला पीळ तर नाही ना, आणि खुंट्या सूर धरतात का. तिन्ही ठीक असतील तर जरूर करावं. नवशिक्याला वाईट नट आणि खडबडीत फ्रेटची गिटार देणं म्हणजे त्याच्या बोटांना शिक्षा आहे. किती मुलांनी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून गिटार सोडली असेल, आणि खरं तर तिचा नट अर्धा मिलिमीटर उंच होता. अशा गिटारला मी आधी फक्त नट आणि टोकं करून देतो. पीळ पडलेली नेक मात्र परत पाठवतो, पैसे घेत नाही.

घरी काय करू शकतो?

तारा बदला, वाजवून झाल्यावर घाम पुसा, फीलर गेजने नेक मोजा. ट्रस रॉड एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा आणि रात्रभर थांबून पुन्हा मोजा. कडक लागला तर थांबा. शिसवीच्या बोर्डाला वर्षातून एक-दोनदा थेंबभर लेमन ऑइल चालतं, लॅकर केलेल्या मेपलला नको. फीलर गेज, चिकटपट्टी आणि बारीक पॉलिश पेपर बोहरी आळीत मिळतात. स्टील वूल आणलं असेल तर ते पिकअपजवळ (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाजवळ) नेऊ नका. त्याचे तंतू चुंबकाला चिकटतात आणि मग निघता निघत नाहीत.

लेव्हलिंग पहिल्यांदा करून बघायचं असेल तर टाकून दिलेल्या नेकवर करा. माझ्याकडे अशा दोन-तीन पडलेल्या असतात, मागा.

किती दिवस लागतात आणि किती पैसे?

लेव्हलला चार दिवस, कारण रॉड फिरवल्यावर नेकला एक रात्र स्थिरावू देतो. रीफ्रेटला आठ-दहा. फिरोदियाच्या आदल्या आठवड्यात नवं रीफ्रेट घेत नाही. घाईत घातलेला फ्रेट स्टेजवर उचकटलेला मला बघायचा नाही. पैसे गिटार बघून सांगतो, आणि एकदा सांगितले की काम वाढलं तरी वाढवत नाही.

काम नीट झालं हे मी कसं ओळखायचं?

घरी नेऊ नका, इथेच तपासा. कापसाचा बोळा नेकच्या दोन्ही कडांवरून फिरवा, एकही तंतू अडकायला नको. गिटार उजेडाकडे धरून फ्रेटच्या माथ्यांकडे बघा. प्रत्येकावर उजेडाची एकच बारीक, सरळ रेघ दिसली पाहिजे. रुंद पट्टा दिसला तर तो माथा सपाट राहिला आहे. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, सहा गुणिले बावीस, वेळ लागला तरी चालेल. बाराव्यापासून वर बारीक दोन तारा दीड स्वर खेचून बघा. अँप न लावता थोडी खरखर ऐकू आली आणि अँपमधून आली नाही, तर तुमच्या अ‍ॅक्शनला, म्हणजे तारांच्या उंचीला, ती चालण्यासारखी आहे. अँपमधूनही आली तर मला सांगा, तुमच्यासमोर बघतो.

आणि पंधरा दिवसांनी गिटार पुन्हा घेऊन या. तोवर तारा आणि नेक एकमेकींना सरावलेल्या असतात आणि तुमचा हातही नव्या फ्रेटला सरावलेला असतो. रॉडला थोडासा फेरा द्यावा लागला तर तो त्या दिवशी देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.